कासिमिरोची टोपी

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी कुस्कोच्या स्टेशनात, डब्यातल्या टेबलांवरची फुलं सारखी करत होते. नमस्कार, कशी आहेस, असलं काही त्या बोलत नाहीत.

"टोपी कुठंय?"

"कुठली टोपी, आई?"

"सोंग नको करूस. कासिमिरोची. पोत्यात सगळं भरून झालंय माझं. शर्ट आहेत, पोंचो आहे, भोकं पडलेल्या बनियनीसुद्धा आहेत. टोपी नाही."

टोपी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. कंपनीचा कोट गडद निळा, बटणं सोनेरी, आणि आत, छातीशी, नवऱ्याची कानटोपी. मी कोटावरून हात फिरवला.

"बघते घरी गेल्यावर," मी म्हटलं.

"घरी गेल्यावर? धुणं आज आहे, बेनिता."

मला ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे? आमच्याकडे माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर नेऊन धुतात. झाडून सगळे. कुठे घाम राहिला तर माणूस त्या वासाने मागे फिरतो आणि आपल्याच घराभोवती घुटमळत राहतो. धुऊन, वाळवून, अंधार पडला की ते कपडे जाळायचे, म्हणजे त्याला पोचतात आणि तो अंगात घालून बर्फाच्या डोंगराकडे चालू लागतो. बायकोने मात्र धुण्याला हात लावायचा नाही. बायकोचा हात सुटत नाही म्हणतात. शेजारपाजारचे धुतात आणि बायको काठावर बसून बघते.

मला ते बघायचं नव्हतं. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, पण मी मागितलीच नाही. उलट आज ज्या मुलीची पाळी होती तिला म्हटलं, तू आराम कर, मी जाते. सासूबाईंना सांगितलं, साहेब सोडत नाहीत.

"आई, गाडी सुटतेय."

"सुटू दे की. मी सांगते ते ऐक. दुपारी तुझी गाडी आमच्या काठावरून जाते ना? मी एप्रन पसरून उभी राहते. मागच्या सज्ज्यातून फेक."

"गाडीतून काही फेकायला मनाई आहे."

"दिवसभर एवढी बडबड फेकतेस ती चालते, आणि टोपी नाही चालत?" मग त्यांचा आवाज उतरला. "लहानपणापासून त्याचे कान दुखतात गं थंडीने. बर्फातून जायचंय त्याला. उघड्या डोक्याने पाठवू?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. हीसुद्धा त्यांची नेहमीची पद्धत.

आमची गाडी सकाळी कुस्कोहून निघते आणि संध्याकाळी पुनोला तळ्याकाठी पोचते. आत पांढरे टेबलक्लॉथ, पितळी दिवे, आणि शेवटच्या डब्याला मागे उघडा सज्जा. लोक जगभरातून येतात. त्यांना डोंगर दाखवायचे, कोकाच्या पानांचा चहा पाजायचा, कुणाला उंची बाधली तर ऑक्सिजन लावायचा आणि वाटेत दिसेल त्याबद्दल माइकवरून दोन भाषांत गोड बोलायचं, हे माझं काम. माझी स्वतःची भाषा तिसरी. ती गाडीत लागत नाही.

कासिमिरो रुळांवर होता. रूळ ठोकून बघायचे, खडी सारखी करायची, दरड आली तर कळवायचं. खिंडीच्या अलीकडे, डाव्या अंगाला त्याची पत्र्याची खोली. आमची गाडी आली की तो दारात उभा राहायचा आणि टोपी काढून वर धरायचा. मी माइकवर म्हणायची, "आता डावीकडे पाहा. आपल्या रुळांची काळजी घेणारा हा माणूस टोपी काढून तुम्हाला शुभेच्छा देतोय." सगळे खिडक्यांना चिकटायचे, हात हलवायचे, फोटो काढायचे. तुम्हाला म्हणे! तो कुणासाठी टोपी काढतो हे ड्रायव्हरपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्या गाडीला ठाऊक होतं. प्रवाशांना मी कधी सांगितलं नाही. ते एवढं एक माझ्यापाशीच राहू दे, असं वाटायचं.

सुट्टीला घरी गेले की तो चुलीपाशी बसून हिशेब मागायचा.

"गुरुवारी लई हात हालले गाडीतून. कोण होते?"

"जपानी. पण तू टोपी उशिरा काढलीस."

"नाक पुसत होतो."

"म्हणजे इतक्या लांबून आलेल्यांना मी तुझं नाक दाखवलं?"

"चांगलं आहे की नाक. तुझ्या आईला पसंत होतं."

आमच्याकडे कानटोप्या पुरुष विणतात. इतरांच्या टोप्यांवर लामासारखी जनावरं असतात, फुलं असतात. ह्याने लग्नाच्या वर्षी विणली तिच्यावर आगगाडी. डबे कसले, पाव मांडल्यासारखे दिसत होते. सगळं गाव हसलं. शेवटच्या डब्यात त्याने एक लाल टाका घातला होता. "ही तू," म्हणाला. "माझं डोकं एवढं बारीक आहे?" मी म्हटलं. त्यानंतर त्याने दुसरी टोपी विणलीच नाही. उसवली की तीच पुन्हा दुरुस्त करायचा.

थंडी त्याच्या छातीत बसली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. त्या रात्री मी पुनोला होते, प्रवाशांना हॉटेलात सोडून जेवायला बसले होते. मी पोचले तोवर त्याचे डोळे मिटवून झाले होते. मला त्याचा राग आला. अजून येतो. एक दिवस थांबायचं होतंस, एवढं वर्षानुवर्षं दारात थांबलास. दारामागच्या खिळ्यावर टोपी होती. सासूबाई कपडे गोळा करायला लागण्याआधीच मी ती काढून घेतली. तिला धुराचा वास होता, रुळांच्या वंगणाचा होता आणि त्याच्या केसांचा. माझ्याजवळ त्याचं तेवढंच उरलं होतं. तो वास नदीला देऊन टाक म्हणतात आणि वर म्हणतात त्याच्या भल्यासाठी. येईना का तो परत, घुटमळेना का घराभोवती, मला चालणार होतं. मला तेच हवं होतं.

त्या दिवशी माझ्या डब्यात निळ्या मफलरची एक म्हातारी होती, नॉर्वेची, एकटीच आलेली. मोडक्या स्पॅनिशमध्ये सकाळपासून प्रश्न. हे शेत कशाचं, ती बाई पाठीवर काय नेतेय. बाकीचे चित्रासारखे डोंगर बघत होते. ही एकटीच माझं ऐकत होती, आणि नेमकं त्या दिवशी कुणी ऐकू नये असं मला वाटत होतं.

दुपारी जेवणं झाली आणि गाडी आमच्या गावाकडे वळली. मी मागच्या सज्ज्यात जाऊन उभी राहिले. वाढपी विल्बेर ट्रे घेऊन मागोमाग आला. आमच्याच बाजूचा पोरगा तो, लग्न झालेलं, दोन मुलं. त्याला सगळं माहीत होतं.

"ताई, मी टाकू का?"

"तू आपला चहा टाक."

"माझा नेम चांगला आहे."

"विल्बेर, आत जा."

तो गेला नाही. ट्रे आडवा धरून सज्ज्याच्या दारात उभा राहिला, म्हणजे प्रवासी बाहेर येऊ नयेत.

उजव्या हाताला नदी आली. पाण्यात माणसं होती, गुडघ्यापर्यंत कपडे वर खोचलेली. त्याचा तपकिरी पोंचो दोघांनी पिळायला धरला होता. गवतावर त्याचे शर्ट पसरले होते, हात फाकलेले. मी ते ओळखले. लग्नातला पांढरा, कोपराला ठिगळ लावलेला चौकटीचा, माझ्या बहिणीने दिलेला आणि त्याला कधीच न आवडलेला पिवळा. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी रुळाजवळच्या दगडावर सासूबाई, काळ्या घागऱ्यात, एप्रनची दोन टोकं दोन हातांत धरून, भाकरी झेलायला उभ्या राहाव्यात तशा.

गाडी तिथे हळू झाली. ड्रायव्हरने मुद्दाम केली असणार. मी खिशात हात घातला. टोपी गरम होती, माझ्याच अंगाने गरम झालेली, पण मला वाटलं त्याने आत्ताच काढून ठेवलीय. मी मूठ धरली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी ओरडून काही म्हटलं नाही, एप्रन फक्त थोडा उंच केला. मी हात बाहेर काढला, पण त्यात टोपी नव्हती.

दगड मागे गेला. त्यांनी एप्रन लगेच सोडला नाही. गाडी वळेपर्यंत त्या तशाच पसरून उभ्या होत्या.

आत गेले तर म्हातारीने विचारलं, "ते लोक कपडे धूत होते? इतके पुरुषाचेच कपडे?"

"हो," मी म्हटलं. "आज धुण्याचा दिवस आहे."

"ऊन छान आहे," ती म्हणाली.

पुढची वाट चढाची. मी माइक हातात घेतला आणि बोलत सुटले. अल्पाकांची लोकर, उंचीवरचं गवत, गरम पाण्याचे झरे. तोंड आपोआप चालतं. इतकी वर्षं तेच बोललं की शब्दांना आपली गरज लागत नाही. लागत नाही म्हणूनच ते झालं. मी खिडकीबाहेर बघतसुद्धा नव्हते आणि माझाच आवाज मला माइकमधून ऐकू आला, "आता डावीकडे पाहा. आपल्या रुळांची काळजी घेणारा हा माणूस टोपी काढून तुम्हाला शुभेच्छा देतोय."

सगळा डबा डावीकडे वळला. फोन वर झाले. विल्बेरच्या हातातला कप बशीवर वाजला. मी बघितलं नाही. खाली मान घालून गालिच्याकडे बघत राहिले. पत्र्याची खोली येऊन गेली असेल तोवर मी मान वर केली नाही.

"कुठे? मला नाही दिसला," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला दिसला," म्हातारी म्हणाली. ती अजून काचेला नाक लावून होती. "हात वर केला त्याने. पण टोपी नव्हती हो डोक्यावर. एवढ्या थंडीत, बिचारा."

डोकं म्हणालं, नवा माणूस नेमला असेल. किंवा म्हातारीने दाराचा खांब बघितला असेल. किंवा मला वाईट वाटू नये म्हणून बोलली असेल, चांगल्या घरच्या म्हाताऱ्या बोलतात तसं. डोकं खूप काही म्हणत होतं. पण मला दिसत होतं ते एवढंच, की तो दारात उभा आहे, वारा खिंडीतून खाली येतोय, कान लाल झालेत, आणि वर करायला हातात काही नाही म्हणून त्याने नुसताच हात वर केलाय. आणि त्याची टोपी मी खिशात घालून हिंडतेय.

मला तो घराभोवती हवा होता. पण तो थंडीत उभा राहणार, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"विल्बेर," मी म्हटलं, "खिंडीत गाडी किती थांबेल?"

"दहा मिनिटं, रोजच्यासारखी."

"ड्रायव्हरला सांग, मी चढल्याशिवाय शिटी मारू नको."

खिंड म्हणजे वारा आणि बर्फाचा डोंगर, आणि रुळांच्या कडेला स्वेटर-टोप्या मांडून बसलेल्या बायका. त्यांच्यात आपोलोनिया मावशी. आमच्या गावाखालच्याच वाडीतली. रोज पहाटे व्हॅनने वर येते, आमची गाडी गेली की खाली जाते. मला बघून ती उठली.

"बेनिता? तू इथं काय करतेस गं? आज तर—"

मी टोपी काढून तिच्यापुढे धरली. तिने ती ओळखली. पावांसारखे डबे असलेली दुसरी टोपी आख्ख्या डोंगरात नाही.

"धुऊन दे, मावशी. मी धुतलेलं चालत नाही."

ती काही विचारत बसली नाही. तिने आपल्या मालावर चादर टाकली, टोपी घेतली आणि जवळच्या चराकडे निघाली. मी तिचा हात धरला.

"ते पाणी नको. ते तळ्याकडे जातं. इकडचं घे, आपल्या गावाला जाणारं."

हे मी रोज माइकवर सांगते. ह्या खिंडीत एका उतारावरचं पाणी तळ्याला मिळतं आणि दुसऱ्याची आमची नदी होते. प्रवासी वा वा करतात. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या कामाला आलं. ह्या ओहोळातून त्याचा घाम खाली जाईल, त्याच्या खोलीवरून, दगडावर उभ्या असलेल्या त्याच्या आईपर्यंत. उशिरा का होईना, पोचेल.

मावशी ओहोळाशी उकिडवी बसली. कडेला बर्फाचा पापुद्रा होता, तो तिने दगडाने फोडला. तिने टोपी पाण्यात बुडवली तेव्हा माझ्या पोटातून एक आवाज निघाला. प्रवासी वळून बघायला लागले. एकाने कॅमेरा वर केला, तर निळ्या मफलरची म्हातारी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, पाठ करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून. तिला काय कळलं होतं देव जाणे.

मावशीने टोपी चोळली, पिळली, परत बुडवली. पाणी आधी काळपट गेलं, मग निवळलं. ती कासिमिरोशी बोलत होती, आमच्या भाषेत, पोराला आंघोळ घालताना बोलतात तसं. "झालं बाळा, झालं. आता कान झाक. आता जा हं."

ती उठली आणि टोपी झटकली. मी हात पुढे केला.

"एकदा दे."

"नको गं पोरी."

"फक्त वास घेते."

तिने दिली. मी ती नाकाशी धरली. गार पाणी आणि ओली लोकर. धूर नव्हता, वंगण नव्हतं, तो नव्हता. लाल टाका स्वच्छ दिसत होता. मी टोपी तोंडावर दाबून धरली आणि रडले. पाच दिवसांत पहिल्यांदा, गणवेशात, सगळ्यांसमोर. मावशीने माझी बोटं एकेक करून उचलली.

"मी खाली नेते. जाळायच्या आत तुझ्या सासूच्या, तोमासाच्या हातात देते. सोड आता."

"मावशी—"

"सोड, बेनिता. गाडी थांबलीय तुझ्यासाठी."

तिने सोडवून घेतली तेव्हा कुठे ती सुटली. शिटी झाली नाही. मी चढले आणि विल्बेरने दार लावलं, मग गाडी हलली. ओले हात मी कोटाच्या आतल्या बाजूला पुसले, माइक घेतला आणि सांगितलं की आपण प्रवासातल्या सगळ्यात उंच जागेवरून आता उताराला लागलो आहोत. आवाज बराच बरा लागला.

पुनोला सगळे उतरले. म्हातारीने जाताना माझा हात बराच वेळ धरून ठेवला आणि बक्षिसी वगैरे न देता गेली, त्याचं मला बरं वाटलं. मी रिकाम्या डब्यात बसून राहिले. बाहेर दिवे लागले होते. मग फोन वाजला.

"जाळले," सासूबाई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे. पोंचो आधी. शर्ट भराभर गेले. टोपी शेवटी आली, आपोलोनिया धावत घेऊन आली. ओली होती. पेटेना."

मी कोटाच्या रिकाम्या खिशात हात घातला.

"रॉकेल टाकलं तरी पेटेना. नुसता धूर. लोक म्हणाले, जायचं नाही त्याला. म्हणाले, असू दे, सकाळी बघू." त्या थांबल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. सासूबाईंना रडताना मी अंत्यविधीलासुद्धा बघितलं नव्हतं. "मग मी वाकले आणि त्याला सांगितलं. म्हटलं, अरे घाल. बेनिताने पाठवलीय."

"आणि?"

"आणि पेटली."

पलीकडे जाळाजवळ कुणीतरी खोकलं, कुत्रं भुंकलं. माझ्या कोटाची आतली बाजू अजून ओलसर होती. सासूबाईंनी फोन ठेवला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्या फोन धरून थांबल्या होत्या.

"बोल ना गं," त्या म्हणाल्या. "दिवसभर त्या परक्या लोकांशी बोलत असतेस. माझ्याशी बोल काहीतरी."

मी तोंड उघडलं. एक शब्द फुटेना. आम्ही दोघी तशाच फोन कानाला लावून बसलो, तिकडचा जाळ विझेपर्यंत.